दिलीप गावित : एका हाताचा धावपटू आणि ४०० मीटरचा धडा



क्रीडा स्पर्धा जवळ आल्या की आपण मैदानावर फक्की मारतो, गट पाडतो आणि अपंग मुलाला गुण लिहायला टेबलाजवळ बसवतो. मीही अनेक वर्षं हेच केलं. "त्याला लागेल, पडेल" असं म्हणायचो. पण त्याला पळायचं आहे का, हे कधी विचारलंच नाही. दिलीप महादू गावित यांच्याबद्दल वाचलं तेव्हा माझी चूक लक्षात आली. म्हणून हा पाठ.

दिलीप नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यातले, आदिवासी शेतकरी कुटुंबातले. लहानपणी झाडावरून पडले आणि उजवा हात कोपराखाली गमवावा लागला. पुढे नाशिकला प्रशिक्षक वैजनाथ काळे यांच्याकडे त्यांचा सराव सुरू झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये चीनमधल्या हांगझोऊ इथे आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धेत त्यांनी ४०० मीटरमध्ये सुवर्णपदक जिंकलं. वेळ होती ४९.४८ सेकंद. हे त्या स्पर्धेतलं भारताचं शंभरावं पदक! भारताची एकूण पदकं झाली १११. पुढच्या वर्षी २०२४ ला पॅरिस पॅरालिम्पिकमध्येही ते अंतिम फेरीत धावले.

त्यांचा गट आहे टी-४७. 'टी' म्हणजे ट्रॅक, धावपट्टीवरचे प्रकार. ४५ ते ४७ हे आकडे हाताचं अपंगत्व असलेल्या खेळाडूंचे. सारख्या अडचणीच्या खेळाडूंची स्पर्धा सारख्यांशी व्हावी, यासाठी ही विभागणी असते.

मुलं हमखास विचारतात, "सर, पळतात तर पायाने, मग हाताचं काय?" उत्तर सोपं आहे. उजवा पाय पुढे जातो तेव्हा डावा हात पुढे येतो. हातांच्या या झोक्यामुळे कंबरेवरचं शरीर गरगर फिरत नाही, तोल राहतो. एक हात अर्धा असला की दोन्ही बाजूंचं वजन सारखं राहत नाही. मग तो तोल पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंनी सांभाळावा लागतो, वळणावर तर जास्तच. सुरुवातीला वाकून दोन्ही हात जमिनीवर टेकवतात, तिथेही अडचण. म्हणून काही खेळाडू अर्ध्या हाताखाली छोटा ठोकळा ठेवतात.

त्यात ४०० मीटर म्हणजे अवघड शर्यत. पूर्ण वेगाने सुरू करून शेवटपर्यंत तोच वेग टिकवणं कुणालाच जमत नाही. स्नायूंना लागेल तेवढा ऑक्सिजन पोचत नाही, आणि शेवटच्या शंभर मीटरला पाय दगडासारखे होतात. जो कमीत कमी मंदावतो, तो जिंकतो.

वर्गात काय घेता येईल?

१. गणित : ४०० ला ४९.४८ ने भागा. सेकंदाला साधारण ८.०८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २९ किलोमीटर. मैदानावर ५० मीटर आखून मुलांना स्वतःचा वेग काढू द्या.

२. भूमिती : दुसऱ्या पट्टीतला धावपटू पुढे का उभा असतो? बाहेरच्या वर्तुळाचा परीघ मोठा असतो म्हणून. १.२२ मीटर रुंदीच्या पट्ट्यांमध्ये हा फरक ७.०४ मीटर येतो.

३. विज्ञान : मऊ मातीवर, एक हात पाठीशी धरून, हळू पळायला सांगा. तोल कसा जातो ते मुलं स्वतःच सांगतील.

पालकांना एकच विनंती. आपलं लेकरू पळायचं म्हणत असेल तर आधी त्याला हो म्हणा, डॉक्टरांना विचारा, मग शाळेत या. आमच्या झरीसारख्या गावात सिंथेटिक ट्रॅक नसेल, पण फक्कीची रेघ आहे. यंदा त्या रेघेवर प्रत्येक मूल उभं राहील, एवढं आपण शिक्षकांनी बघायचं. गुण लिहायला मी बसतो.