दीप-मासेमारी

दीप-मासेमारी : रात्रीच्या अंधारात पाण्यावर किंवा पाण्याखाली दिवा लावून त्याच्याभोवती जमणारे मासे गळाने अथवा जाळ्याने पकडण्याची पद्धत. मशाली व लाकडांचे जाळ यांपासून रॉकेलचे दाबदिवे, विजेचे दिवे आणि एलईडी दिवे असा या पद्धतीचा विकास झालेला आहे. समुद्रावर ती मुख्यतः व्यापारी स्वरूपाची आहे. गोड्या पाण्यात छंद म्हणून केल्या जाणाऱ्या दीप-मासेमारीचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील (अ. सं. सं.) जलाशयांत चालणारी क्रॅपी माशांची मासेमारी होय.

तत्त्व : दिव्याकडे मोठा मासा थेट ओढला जातो, हा समज सर्वस्वी बरोबर नाही. बहुतेक वेळा दिव्याभोवती एक अन्नसाखळी क्रमाक्रमाने उभी राहते. अंधारात पृष्ठभागाकडे आलेले प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) आणि कीटकांच्या अळ्या प्रकाशाकडे सरकतात. हवेतील कीटकही दिव्यावर झेपावून पाण्यात पडतात. त्यांना खाण्यासाठी लहान माशांचे थवे येतात. या लहान माशांच्या मागावर भक्षक मासे येतात, पण ते सहसा झगझगीत प्रकाशात न शिरता उजेड व अंधार यांच्या सीमेवर किंवा थव्याच्या खाली राहतात. ही साखळी तयार होण्यास वेळ लागतो. म्हणून दिवा लावल्यानंतर तासभर किंवा त्याहून अधिक काळ थांबावे लागते.

प्रकाशाचा परिणाम भोवतालच्या अंधाराशी असलेल्या त्याच्या विरोधावर अवलंबून असतो. चांदण्या रात्री हा विरोध कमी होतो. त्यामुळे अमावास्येच्या आसपासच्या रात्री अधिक अनुकूल मानल्या जातात. पाण्याची स्वच्छताही महत्त्वाची असते. तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो. अतिशय स्वच्छ पाण्यात निळा प्रकाश सर्वांत खोल जातो. परंतु शैवले व कुजलेल्या वनस्पतींपासून आलेली रंगद्रव्ये निळा प्रकाश शोषून घेत असल्याने सर्वसामान्य जलाशयात हिरवा प्रकाश अधिक दूर पोहोचतो. हिरवे दिवे लोकप्रिय होण्याचे हे एक कारण आहे.

क्रॅपी : सेंट्रार्किडी कुलातील पोमॉक्सिस प्रजातीच्या माशांचे हे सामान्य नाव आहे. पांढरी क्रॅपी (पोमॉक्सिस ॲन्युलॅरिस) व काळी क्रॅपी (पो. नायग्रोमॅक्युलेटस) या दोन्ही जाती मूळच्या उत्तर अमेरिकेच्या पूर्व व मध्य भागांतील असून नंतर त्या इतरत्र सोडण्यात आल्या. शरीर दोन्ही बाजूंनी चपटे असते. पांढऱ्या क्रॅपीच्या पृष्ठपक्षात बहुधा ५-६ व काळीच्या ७-८ काटे असतात. पांढरी जात गढूळ पाणी अधिक सहन करते. पकडल्या जाणाऱ्या माशांची लांबी साधारणपणे २०–३० सेंमी. असते. पांढऱ्या क्रॅपीचा गळाने पकडलेला विक्रमी नमुना (वजन सु. २.३५ किग्रॅ.) १९५७ मध्ये मिसिसिपी राज्यातील एनिड येथे मिळाला.

या माशांचे डोळे मोठे असून संधिप्रकाशात व रात्री ते भक्ष्य शोधतात. पिले प्राणिप्लवकांवर जगतात. मोठे मासे कीटक व लहान मासे खातात. अनेक जलाशयांत शॅड (डोरोसोमा पेटेनेन्स व डो. सेपेडियानम) हे त्यांचे प्रमुख भक्ष्य असते. शॅड प्लवकभक्षी असून थव्याने राहतात. त्यामुळे दिव्याभोवती जमलेले प्लवक, शॅड आणि क्रॅपी ही साखळी येथे स्पष्टपणे दिसते.

वसंत ऋतूत पाण्याचे तापमान सु. १६°–२०° से. झाले, की क्रॅपी प्रजननासाठी उथळ पाण्यात येतात व तेव्हा त्या दिवसाही सहज सापडतात. उन्हाळ्यात त्या खोल पाण्याकडे वळतात. या काळात दक्षिणेकडील अनेक जलाशयांत पाण्याचे वरचा उबदार व खालचा थंड असे थर पडतात आणि खालच्या थरातील ऑक्सिजन बराच घटतो. मासे या थराच्या वरच राहत असल्याने गळ त्याहून खाली सोडण्यात अर्थ नसतो. उन्हाळ्यातील रात्र हाच म्हणून क्रॅपीच्या दीप-मासेमारीचा मुख्य मोसम होय.

साधने व पद्धती : बुडालेल्या नदीपात्राची कड, पुलांचे खांब, धक्के किंवा पाण्याखालील झाडांचे बुंधे अशा ठिकाणी होडी नांगरतात. वाऱ्याने होडी फिरू लागल्यास उजेडाची जागा बदलते व जमलेला थवा विस्कटतो. म्हणून तिला दोन्ही टोकांनी बांधतात. पूर्वी होडीच्या बाजूला इंधनाचा मँटलचा कंदील टांगीत. पुढे फेसाळ प्लॅस्टिकच्या कड्यात बसविलेले, १२ व्होल्टच्या विद्युत् घटमालेवर चालणारे तरंगते दिवे आणि नंतर पाण्यात सोडावयाचे दिवे आले. पृष्ठभागावरून होणारे परावर्तन टळत असल्याने पाण्यात बुडविलेल्या दिव्याचा उजेड अधिक उपयोगी पडतो. एलईडी दिव्यांना वीज कमी लागत असल्याने एकाच घटमालेवर रात्रभर काम भागते.

आमिष म्हणून जिवंत लहान मासे किंवा एक-दोन ग्रॅम वजनाचे कृत्रिम आमिष वापरतात. अनेक गळ निरनिराळ्या खोलींवर सोडून मासे कोणत्या थरात आहेत ते प्रथम पाहतात व मग सर्व गळ त्या खोलीवर आणतात. क्रॅपीच्या तोंडाची त्वचा पातळ असल्याने जोराचा हिसका दिल्यास ती फाटते. त्यामुळे मासा सावकाश ओढून लहान जाळीने उचलावा लागतो.

व्यापारी मासेमारी : हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावरही वापरतात. आफ्रिकेतील टांगानिका सरोवरात लहान, थव्याने राहणारे मासे रात्री दिव्यांनी जमवून जाळ्यांत धरतात. त्यांपैकी कापेंटा (लिम्नोथ्रिसा मायोडॉन) हा मासा १९६७-६८ मध्ये झँबीझी नदीवरील कारिबा जलाशयात सोडण्यात आला व तेथेही दीप-मासेमारीचा व्यवसाय वाढला. भूमध्य समुद्रात सार्डीन व अँकोव्ही, तर जपानच्या आसपास स्क्विड हे प्राणी दिव्यांच्या साहाय्याने पकडतात. स्क्विडच्या नौकांवरील दिवे इतके प्रखर असतात की, ते उपग्रहांवरून घेतलेल्या रात्रीच्या छायाचित्रांत दिसतात.

मर्यादा व नियमन : गळाने मासेमारी करणारा दिव्याभोवतीच्या समूहातून एकेक मासा काढतो, वेढणारे जाळे भक्ष्य, भक्षक व पिले यांसह सर्व समूह एकदम उचलू शकते. म्हणून सारखाच दिवा साधनपरत्वे निरुपद्रवी किंवा विघातक ठरतो. अ. सं. सं.मधील अनेक राज्यांत क्रॅपीसाठी दररोजची संख्या व किमान लांबी यांची बंधने आहेत. ती राज्यागणिक व जलाशयागणिक बदलतात. लहान मासे परत सोडण्याच्या नियमालाही एक मर्यादा आहे. खोल पाण्यातून झटकन वर आणलेल्या माशाचा वाताशय दाब कमी झाल्याने फुगतो व सोडलेला मासा पुष्कळदा जगत नाही. पुरेसे मासे मिळाल्यावर गळ आवरणे हाच त्यावर उपाय आहे.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर हा प्रश्न उपजीविकेचा झाला आहे. प्रखर एलईडी दिवे लावून पर्ससीन जाळ्यांनी मासे धरल्यास बांगडा, तारली इत्यादींचे थवे किनाऱ्याजवळ पोहोचण्यापूर्वीच पकडले जातात व रापण ओढणाऱ्यांच्या वाट्याला काही उरत नाही, अशी सिंधुदुर्ग, रत्नागिरी व गोवा येथील पारंपरिक मच्छीमारांची तक्रार आहे. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात एलईडी व तत्सम कृत्रिम दिव्यांच्या साहाय्याने मासेमारी करण्यास बंदी घातली. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीचे नियमन राज्यांकडे आहे. महाराष्ट्रात ते १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमान्वये होते. २०२१ मध्ये त्यात सुधारणा करून दंडाची तरतूद कडक करण्यात आली. रात्रीच्या समुद्रावर दिवा दुरून दिसतो, परंतु गस्तीची नौका पोहोचेपर्यंत तो मालवताही येतो. बंदीच्या अंमलबजावणीतील मुख्य अडचण हीच आहे.