रंग मिरचीचा: ब्याडगीची निवड आणि साठवण

तिखटाची खरी ओळख जिभेला होते, असा आपला समज असतो. वास्तविक मिरचीत दोन निरनिराळे गुण असतात, रंग आणि तिखटपणा, आणि त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. तिखटपणा कॅप्सेसीन या द्रव्याचा. ते मुख्यतः मिरचीच्या आतील पांढऱ्या शिरांत असते, बियांत नव्हे. रंग मात्र सालीत असतो. म्हणूनच लालभडक असूनही सौम्य अशी मिरची मिळू शकते. युरोपात हिला पॅप्रिका म्हणतात. हंगेरीतील सेगेद गावची पॅप्रिका प्रसिद्ध आहे. तेथेच अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी पॅप्रिकेपासून भरपूर प्रमाणात क जीवनसत्त्व वेगळे काढले. त्यांना 1937 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या सीमाभागातील घरांना त्यासाठी हंगेरी गाठावी लागत नाही. हावेरी जिल्ह्यातील ब्याडगीची मिरची हेच काम करते. 2011 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. तिचे दोन प्रकार आहेत. ‘डब्बी’ आखूड, फुगीर, रंग गडद आणि तिखटपणा बेताचा. ‘कड्डी’ लांब, काडीसारखी. कानडीत डब्बी म्हणजे डबी आणि कड्डी म्हणजे काडी, हे बेळगावकरांना सांगायला नको. आमटीला, सांबाऱ्याला रंग हवा तर डब्बी घ्यावी. झणका हवा असेल तर तिच्यात संकेश्वरी किंवा गुंटुरी मिसळावी. नुसती गुंटुरी घालून रंग आणू पाहाल, तर जेवणारा पाणी मागत राहील.

निवडताना पोत्याच्या वरच्या थरावर विसंबू नये, हात खोल घालून मूठभर मिरची काढावी. ब्याडगीच्या सालीवर सुरकुत्या असणारच, तो दोष नव्हे. मिरची हलवली की आत बी खुळखुळले पाहिजे. ओल्या कातड्यासारखी वळली, तर ती दमट आहे. वजन वाढवण्यासाठी पाणी मारलेली मिरचीही बाजारात येते. शेवटी दोन-चार मिरच्या उभ्या चिरून पाहाव्यात. बाहेरून तुळतुळीत मिरचीच्या पोटात राखाडी बुरशी निघू शकते.

ही बुरशी डॉक्टर म्हणून मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दमट मिरचीवर वाढणाऱ्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. ते यकृताला घातक असते आणि भाजल्याने किंवा फोडणी दिल्याने नाहीसे होत नाही. म्हणून “पुसून ऊन दाखवू, कांडपात जाईलच” हा हिशोब चुकीचा आहे. बुरशी लागलेली मिरची फेकून द्यावी. चार रुपयांची काटकसर इथे परवडत नाही.

तयार तिखट घेत असाल, तर चिमूटभर पूड पाण्याच्या पेल्यावर भुरभुरावी. रंगाच्या रेघा लगेच खाली उतरल्या, तर कृत्रिम रंगाची शंका घ्यावी. तळाशी खरखरीत गाळ लागला, तर विटेची पूड किंवा वाळू. मात्र सुदान रंग पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे तो या परीक्षेत सापडत नाही. त्याला प्रयोगशाळाच हवी. खात्रीचा उपाय एकच, मिरची अख्खी घ्यावी आणि आपल्यासमोर कांडून आणावी.

आता साठवण. मिरचीचा रंग तेलात विरघळतो, म्हणून तर तर्री लाल येते. उजेड, उष्णता आणि हवा यांनी तो उडतो. त्यामुळे वर्षाचे तिखट एकदम कांडू नये. मिरची देठासकट ठेवावी, कारण देठ तुटला की त्या जागेतून ओल आत शिरते. पातळ कापडाखाली एक-दोन दिवस ऊन द्यावे, पूर्ण निवल्यावर कोरड्या डब्यात भरावी आणि दोन-तीन महिन्यांपुरतेच तिखट करावे. गरम पूड झाकली तर तिच्याच वाफेने गुठळ्या होतात. तिखटाची बरणी चुलीजवळच्या फळीवर नको, अंधाऱ्या कपाटात असावी. चमचा कोरडाच वापरावा. फ्रीजमध्ये ठेवलेला डबा बाहेर काढताच उघडू नये. तो खोलीच्या उष्णतेला येऊ द्यावा, नाहीतर आत दव धरते.

आम्हा जैनांच्या घरी चातुर्मासापूर्वी धान्य-मसाल्यांची निवड-पाखड होते. मागाहून कीड मारण्याची वेळ येऊ नये, हा त्यामागचा विचार. धर्म बाजूला ठेवला, तरी पावसाळ्याआधी डबे तपासण्याची ही शिस्त प्रत्येक स्वयंपाकघराला उपयोगी आहे.