टोपड्याखालची सूज

संत्र्यांचा हंगाम ऐन भरात असतानाही वरूडचा व्यापारी दिवसाचा रोजमेळ जुळविल्याशिवाय दुकानाला कुलूप लावीत नाही. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक सुखरूप मोकळी झाली, की मात्र तेच घर पेढे वाटण्यात गुंतते. प्रसूती व्हॅक्यूम किंवा चिमट्याच्या साहाय्याने झाली असेल, तर बाळाची खरी तपासणी तेव्हाच सुरू होते.

जन्मानंतर पहिल्या व पाचव्या मिनिटाला बाळाला अपगार गुण दिले जातात. अमेरिकेतील डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी 1953 मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. रंग, ठोके, प्रतिसाद, स्नायूंचा जोम आणि श्वास यांचे मिळून दहा गुण. परंतु ही केवळ आरंभीची शिल्लक होय. पुढील तासांत होणारा रक्तस्राव तीत दिसत नाही.

डोक्यावरची प्रत्येक सूज भयावह नसते. व्हॅक्यूमच्या कपाखाली आलेला मऊ फुगवटा बहुधा एक-दोन दिवसांत ओसरतो. कवटीच्या हाडावरील आवरणाखाली रक्त साठल्यास गाठ हाडांच्या सांध्यापाशी थांबते. ती विरण्यास काही आठवडे लागतात आणि तोवर काविळीवर लक्ष ठेवावे लागते. क्वचित मात्र डोक्याच्या कातडीखालील सैल जागेत रक्त पसरते. ही सूज सांधे ओलांडून भुवयांकडे, कानांमागे, मानेकडे सरकते. तीन किलोच्या बाळाच्या अंगात जेमतेम पाव लिटर रक्त असते, हे ध्यानी घेतले म्हणजे धोका कळतो.

म्हणून पहिल्या दिवसात टोपडे वारंवार काढून डोके चाचपले जावे, त्याचा घेर मोजला जावा, ठोके, श्वास व रंग यांची नोंद व्हावी. के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिल्याची खात्री करावी. रडताना तोंड एकाच बाजूला ओढले जाते का, दोन्ही हात सारखे हलतात का, हेही पाहावे. सूज वाढली, बाळ फिकट वा मलूल दिसले, दूध ओढेनासे झाले, तर तत्काळ डॉक्टरांस सांगावे. मोर्शीमार्गे अमरावती गाठण्यास दीड-दोन तास लागतात. तेथे घरच्यांच्या विचारविनिमयात वेळ दवडणे परवडणारे नाही.

डोके गोल व्हावे म्हणून सूज दाबणे, शेकणे किंवा तिच्यावर मालिश करणे कटाक्षाने टाळावे. रुग्णालयातून निघण्यापूर्वी डोक्याची अखेरची नोंद वडीलधाऱ्यांनी स्वतः विचारून घ्यावी आणि मगच नातवंडाला घरी न्यावे.