रोजची भाकर (लेखांक ४) : वाचून झालं, आता रवंथ

माझ्या जुन्या बायबलच्या पानांना सोनेरी कड आहे. उत्पत्ती आणि निर्गमावरचा मुलामा कधीच उडाला, पानंही हाताळून मऊ पडली. लेवीयपासून पुढे मात्र सोनं शाबूत आहे आणि पानं अजून एकमेकांना चिकटलेली. माझे कितीतरी संकल्प कुठे अडले, त्याचा हा हिशेब.

गणित तसं सोपं आहे. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं आणि १,१८९ अध्याय. रोज तीन, रविवारी पाच वाचले की वर्षात संपूर्ण शास्त्र वाचून होतं. उत्पत्तीचे ५०, निर्गमाचे ४०. म्हणजे जानेवारी सरता सरता आपण लेवीयमधल्या होमबली आणि अन्नार्पणांच्या नियमांशी येऊन ठेपतो. तिथे एक दिवस चुकतो. मग दुसऱ्या दिवशी सहा अध्याय, तिसऱ्या दिवशी नऊ. थकलेल्या हप्त्यासारखी बाकी वाढत जाते आणि चौथ्या दिवशी आपण पुस्तकाकडे बघायचंच टाळतो.

मागच्या तीन लेखांत आपण वेळ ठरवली, घरातला कोपरा ठरवला आणि मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात का करायची ते पाहिलं. आज प्रश्न आहे तो वाचून झाल्यानंतरच्या पाच मिनिटांचा. सवय टिकते ती त्या पाच मिनिटांवर.

वाचनाची वेळापत्रकं वाईट नाहीत. स्कॉटलंडमधल्या डंडीचे तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी १८४२ साली आपल्या मंडळीसाठी एक वेळापत्रक तयार केलं. वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा वाचून होतील अशी त्याची आखणी. ते आजही वापरात आहे. पण ते हाती देतानाच त्यांनी धोकेही सांगून ठेवले होते : वाचन उपचारापुरतं उरेल, नेमून दिलेला भाग संपवल्याचा अभिमान चढेल, डोळे ओळींवरून नुसते फिरतील, किंवा हे जू खांद्याला पेलणार नाही.

मग करायचं काय? पहिल्या स्तोत्राच्या दुसऱ्या वचनात ज्याला आपण ‘मनन’ म्हणतो, तिथे मूळ हिब्रू शब्द आहे ‘हागा’. मनन म्हटलं की आपल्यासमोर डोळे मिटून गप्प बसलेला माणूस येतो. ‘हागा’ला मात्र आवाज आहे. यशयाच्या पुस्तकात शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आणि घुमणाऱ्या पारव्यासाठी हेच क्रियापद येतं. म्हणजे मनन आधी ओठांवर असतं. तेच वचन पुन्हा पुन्हा पुटपुटणं, घोळवणं.

बाराव्या शतकातला कार्थुशियन मठवासी दुसरा गीगो याने हेच जेवणाच्या भाषेत सांगितलं. वाचन म्हणजे घास तोंडात घालणं, मनन म्हणजे तो चावणं, प्रार्थनेत चव उतरते आणि शेवटी उरते ती गोडी. आपल्याकडे त्याहून नेमका शब्द आहे : रवंथ. गाय चारा भराभर पोटात घालते आणि मग निवांत बसून तोच पुन्हा तोंडात आणून चघळते. अंगी लागतं ते त्यामुळे.

एक उतारा घेऊन पाहू : मार्क ४, वचनं ३५ ते ४१. वादळ आणि नाव. मत्तय आणि लूकही ही गोष्ट सांगतात, पण येशूच्या डोक्याखालची उशी फक्त मार्कला दिसते. पहिल्या दिवशी मी त्या उशीपाशीच थांबलो. दिवसभर नावेत बसून लोकांना दाखले सांगून दमलेला एक माणूस. दुसऱ्या दिवशी ३६व्या वचनातल्या ‘आणखी होड्या’ दिसल्या. आधी अनेकदा वाचूनही दिसल्या नव्हत्या. त्यांचं काय झालं, ते दुपारी बँकेच्या रांगेत उभा असताना मनात आलं. वादळ त्यांच्यावरही आलं असणार आणि शमलं तेही त्यांच्यासाठी. कुणाच्या हाकेने शमलं, हे मात्र त्यांना कळलंही नसेल. माझी किती वादळं दुसऱ्याच्या नावेतल्या प्रार्थनेने शमली असतील? रांग पुढे सरकली, प्रश्न तिथेच राहिला. रवंथ म्हणतात ती हीच.

या आठवड्यात नवा अध्याय घेऊ नका. हीच सात वचनं सातही दिवस, मोठ्याने वाचा. जिथे अडखळाल तिथे पंडिता रमाबाईंचं किंवा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं भाषांतर शेजारी उघडा. मग एकच शब्द निवडून दिवसभर सोबत न्या. एखादा दिवस चुकला तर दुप्पट वाचून फेडायला जाऊ नका. कालची भाकर आज दोनदा खात नाहीत. आजची तेवढी खा.

लेवीयची पानंही एक दिवस सुटी होतील. मी परवा त्यातलं पहिलं पान नखाने हळूच सोडवलं. एकच.

(पुढील लेखांकात : मननाची वही कशी ठेवावी)