ब्रह्मकमळ कोणतें?

पावसाळ्यांतील एखाद्या रात्रीं शेजारच्या घरून बोलावणें येतें, "ब्रह्मकमळ उमलत आहे, पाहावयास या." आपण लगबगीनें जातों. कुंडींतील झाडाच्या चपट्या फांदीस लोंबणारें मोठें पांढरें फूल हळूहळू उघडत असतें. त्याच्या सुगंधानें अंगण भरून जातें, आणि सकाळपर्यंत तें मान टाकतें. हा सोहळा आमच्या पुष्कळ बालवाचकांनीं पाहिला असेल. परंतु हिमालयांत ज्यास ब्रह्मकमळ म्हणतात तें फूल हें नव्हे. तें कसें ओळखावें, हें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

आपल्या कुंडींतील झाड मूळचें मेक्सिको व मध्य अमेरिका येथील. तें फड्या निवडुंगाच्या कुळांतील असून आपण ज्यास पान समजतों, तें वस्तुतः त्याचें चपटें खोड होय. उलट हिमालयांतील ब्रह्मकमळ हें सूर्यफूल, झेंडू व शेवंती यांच्या कुळांतील आहे. कमळाशीं मात्र दोघांचेंही नातें नाहीं.

हें फूल समुद्रसपाटीपासून सुमारें ३,८०० ते ४,६०० मीटर उंचीवरील खडकाळ उतारांवर जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत फुलतें. उत्तराखंडांत हेमकुंडाच्या परिसरांत तें यात्रेकरूंच्या दृष्टीस पडतें. झाड वीतभर ते हातभर उंच असतें.

त्याची पहिली खूण ही कीं, शेंड्याशीं होडीच्या आकाराचीं, कागदासारखीं पातळ व फिकट पिवळसर आवरणें एकमेकांवर येऊन त्यांचा जणूं द्रोण बनलेला असतो. दुरून पाहणारे त्यांसच पाकळ्या समजतात. पण तीं पानांचींच बदललेलीं रूपें होत. थंडी, वारा व पाऊस यांपासून आंतील नाजूक फुलांचें रक्षण करणें हें त्यांचें काम.

दुसरी खूण या द्रोणांत दडलेली असते. तेथें जांभळ्या रंगाचे लहान लहान गेंद दाटीनें बसलेले असून प्रत्येक गेंद अनेक बारीक फुलांचा झालेला असतो. सूर्यफुलाच्या कडेस पाकळ्यांसारख्या दिसणाऱ्या पिवळ्या पट्ट्या असतात, तशा येथें मुळींच नसतात. सर्व फुलें नळीसारखीं असतात. आपल्या शेतांतील करडईचें फूल उकलून पाहिल्यास हीच रचना दिसेल; कारण करडई ही ब्रह्मकमळाची जवळची नातलग आहे.

तिसरी खूण सर्वांत सोपी. हें फूल एका रात्रीचें पाहुणें नव्हे. तें दिवसाउजेडीं दिसतें व पुष्कळ दिवस टिकतें.

नांवाची ही चर्चा कशाकरितां, असें कोणी विचारील. केदारनाथ व बदरीनाथ येथें हें फूल देवास वाहण्याची चाल आहे. मागणी वाढली कीं, बी धरण्यापूर्वींच फुलें खुडलीं जातात. मग पुढें नवीं रोपें उगवावीं कोठून? कुंडींतील झाडाचा एक तुकडा मातींत खोंवला तरी नवें झाड होतें, म्हणून ब्रह्मकमळ घरोघरीं आहे अशी आपली समजूत होते. डोंगरावरील झाड मुख्यतः बियांवरच अवलंबून असतें. तेथील 'फुलांची दरी' १९८२ सालीं राष्ट्रीय उद्यान झाली आणि तीमध्यें फुलें तोडण्यास मनाई आहे.

तेव्हां आमच्या वाचकांपैकीं कोणी आईवडिलांसह त्या यात्रेस गेल्यास त्यांनीं या खुणा अवश्य पडताळून पाहाव्या. मात्र त्या डोळ्यांनीं पाहाव्या, हातांनीं नव्हे. फूल देठावर राहिलें तरच मागून येणाऱ्यांस तें ओळखण्याचा आनंद लाभेल.