मंद्रस्वराची निगा
लेखांक सहावा : गुणगुण कोठून येते?

गेल्या आठवड्याच्या लेखांकात वाद्याच्या मानेचा विचार केला. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक कोसळणारा पाऊस लोहमार्गाने सुमारे ३० किलोमीटर पूर्वेस असलेल्या तळेगाव दाभाड्यापर्यंत येता येता पुष्कळ विरळ होत असला, तरी आषाढ-श्रावणातील हवेची ओल दोन्हीकडच्या लाकडात शिरल्यावाचून राहत नाही, आणि म्हणून मानेच्या पोटातील पोलादी सळईचा पीळ ऋतुमानाप्रमाणे किंचित कमीअधिक करावा लागतो, इतके त्यावरून निष्पन्न झाले. परंतु ही ओल लाकडापाशी थांबत नाही. ती वाद्याच्या पोटातील तांब्याच्या तारांवर, पितळेच्या आणि पत्र्याच्या जोडांवरही आपला अंमल बसवते, आणि मावळातील बेस गिटारवादकांची जी एक तक्रार भाद्रपदाच्या सुमारास हमखास कानी येते, तिचा उगम बहुधा तेथेच सापडतो. तक्रार अशी की वाद्य वाजते खरे, पण हात थांबला की अँप्लिफायरमधून एक अखंड, जाड गुणगुण ऐकू येत राहते.

ही गुणगुण बेस गिटारला इतर वाद्यांहून अधिक का जाचते, याचे कारण मोठे मनोवेधक आहे. आपल्याकडील घरगुती वीज २३० व्होल्टची असून ती सेकंदास ५० वेळा हेलकावते. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली असता सेकंदास सुमारे ४१ कंपने होतात, आणि तीच तार तिसऱ्या पडद्यावर दाबली असता ४९. म्हणजे पाश्चात्त्य नामाभिधानाप्रमाणे जो ‘जी’ स्वर, तो आणि भिंतीतील विजेचा स्वर यांत सेकंदाला अवघ्या एका कंपनाचे अंतर. सर्वांत बारीक तार मोकळी वाजवली तर तिची कंपने ९८, आणि विजेच्या गुणगुणीचा दुप्पट कंपनांचा जो दुसरा अंश असतो तो १००. म्हणून या देशातील वादक ‘जी’वर विसावला, की त्याचा स्वर आणि विजेचा स्वर एकमेकांवर आदळून ध्वनी सावकाश फुगू-ओसरू लागतो, आणि आपलेच वाद्य बेसूर आहे असा त्याचा ग्रह होऊन तो खुंट्या पिळीत बसतो. अमेरिकेत वीज सेकंदास ६० वेळा हेलकावते, त्यामुळे तेथील वादकाला हा जाच दुसऱ्या स्वरावर भोगावा लागतो.

आता या गुणगुणीची कैफियत ऐकताना पहिला विवेक हा करावा की ती खरोखर गुणगुण आहे की करकर. वाद्यावरील ‘टोन’चे बटण पूर्ण बंद करून पाहावे. हे बटण उंच कंपने एका कंडेन्सरवाटे जमिनीकडे वळवते. ५० कंपनांच्या जाड स्वराला ते हात लावू शकत नाही. बटण बंद करताच आवाज बराचसा विरला, तर तो पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, दिव्याचा डिमर किंवा निकृष्ट प्रतीचा एलईडी दिवा यांचा प्रताप समजावा, आणि एकेक उपकरण बंद करीत गुन्हेगार हुडकावा. तेथे वाद्य उघडण्याचे प्रयोजनच नाही. आवाज तसाच राहिला, तर मात्र तारकामाकडे वळावे.

हे तारकाम पाहून नवखा मनुष्य दबकतो, आणि त्याने दबकू नये असे मला मनापासून वाटते. या वाद्याचा कर्ता लिओ फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा होता. कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी १९३८ साली त्याने रेडिओदुरुस्तीचे दुकान काढले, आणि १९५१ साली त्याने जो ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला, त्याच्या पोटात तारांची कंपने टिपणारे एक पिकअप, आवाजाचे एक आणि टोनचे एक असे दोन पॉट, एक कंडेन्सर आणि केबल खुपसण्याचा एक जॅक यांपलीकडे काही नाही. पॉट २५० किलोओहमचे, कंडेन्सर हल्ली ०.०४७ किंवा ०.०५ मायक्रोफॅरडचा घालतात, कानाला भेद कळत नाही. ज्या कारागिराने आयुष्यभर ट्रान्झिस्टर आणि टेपरेकॉर्डर उघडले, त्याला हा सारा मामला ओळखीचाच वाटेल. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांच्या बेस गिटारचे स्वर ज्या रेडिओ संचांतून महाराष्ट्रभर ऐकले गेले, ते संच नीट राखणारे हात आपल्या तालुक्याच्या गावांतून अद्यापि शिल्लक आहेत, आणि मोठ्या शहरातील वाद्यांच्या दुकानाकडे धाव घेण्यापूर्वी त्यांच्याकडे जावे, अशी माझी वादकांना आग्रहाची शिफारस आहे.

तपासाचा क्रम सांगतो. अँप्लिफायर चालू ठेवून तारांना बोट लावावे. गुणगुण कमी झाली, तर विद्युन्मंडल बहुतांशी शाबूत आहे. वाजवणाऱ्याचे शरीर आसपासच्या विजेचे स्पंदन झेलून ते पिकअपपर्यंत पोचवीत असते, आणि तारांना स्पर्श होताच ते ब्रिजवाटे जमिनीशी जोडले जाऊन गप्प बसते. स्पर्शाने काहीच फरक पडला नाही, पण जॅकच्या धातूला बोट लावताच आवाज उतरला, तर ब्रिजपर्यंत जाणारी जमिनीची तार तुटली किंवा सैल झाली असे खुशाल समजावे. आणि तारांना हात लावल्यावर गुणगुण वाढली, तर जॅकवरील दोन तारांची अदलाबदल झाली आहे. कोणीतरी घाईने केलेल्या दुरुस्तीचा तो दाखला असतो.

यांतील दुसरा प्रकार आपल्या हवेत फार. तळेगावच्या स्टेशनभागात राहणाऱ्या एका तरुण वादकाने आपले वाद्य मजकडे आणले, ते पिकअप निकामी झाले असून नवे घालावे लागेल असा एका जाणकाराचा अभिप्राय पदरी घेऊनच. मीटर लावला तेव्हा आवाज आणि टोन पूर्ण उघडे ठेवून केबलच्या टोकाशी साडेदहा किलोओहमच्या आसपास रोध दिसला, म्हणजे पिकअप ठणठणीत होते. मात्र ब्रिज आणि जॅकची बाहेरची बाजू यांच्या दरम्यान जेथे एक ओहमदेखील भरू नये, तेथे आकडा क्षणात शंभरावर, क्षणात हजारांवर नाचत होता. ब्रिजचे पाच स्क्रू काढून तो उचलला, तेव्हा खाली लाकडात दाबून बसवलेल्या उघड्या तारेच्या टोकावर हिरवा कळंक चढलेला आढळला, आणि पितळेच्या भांड्यात ठेवलेले ताक जसे कळकते तशी ती तार वर्षानुवर्षांच्या घामाने आणि पावसाळी ओलीने कळकून गेली होती. तारेचे टोक बारीक कानशीने उजळ केले, तिचे पदर पंख्यासारखे पसरून त्यांवर कथलाचा पातळ थर दिला, ब्रिजची तळबाजू पॉलिशकागदाने घासली आणि स्क्रू पुन्हा आवळले. खर्च म्हणावा तर कथलाच्या दोन थेंबांचा.

डाख देण्याविषयी येथे चार शब्द विस्ताराने लिहितो, कारण दुरुस्ती बिघडते ती बहुधा याच ठिकाणी. पॉटची पाठ हा जाड पत्रा असतो आणि तो उष्णता शोषून घेतो. २५ वॉटची डाख देण्याची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) तिथे तोकडी पडते, कथील वर गोळा होऊन बसते आणि आत पकडच घेत नाही. चाळीस ते साठ वॉटची इस्त्री घ्यावी, पत्रा अगोदर खरवडून उजळ करावा, आधी धातू तापवावा आणि मग त्या तापल्या धातूला कथील लावावे. साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसे यांचा, पोटात राळ असलेला तार-डाख यासाठी उत्तम. कल्हईवाल्याचा नवसागर, किंवा पत्र्याचे काम करणारे जे आम्ल वापरतात ते, येथे चुकूनही आणू नये. भांड्याला तो गुणकारी, पण बारीक तारेला तो लागल्यानंतरही कुरतडत राहतो आणि एका पावसाळ्यात जोड सोडवतो. उत्तम जोड चकचकीत आणि सपाट उतरता दिसतो. मळकट, दाणेदार गोळा दिसला तर तो पुन्हा तापवावा.

जॅकची कथा थोडक्यात. त्याचे बाहेरचे नट सैल झाले की वादक पान्याने ते आवळतो; आतला जॅक त्याबरोबर फिरतो, दोन्ही तारांना पीळ बसतो, आणि एका संध्याकाळी वाद्य ऐन कार्यक्रमात मुके होते. आतून जॅक एका हाताने धरल्याशिवाय बाहेरचे नट कधीही आवळू नये. पॉट फिरवताना खरखर झाली, तर इलेक्ट्रॉनिक कामाचा कॉन्टॅक्ट क्लीनर आत फवारून ते वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे. शिवणयंत्राचे तेल घालू नये, ते धूळ धरून ठेवते.

काही गुणगुण मात्र दोषाची नसते. १९६० साली आलेल्या ‘जॅझ बेस’मध्ये दोन पिकअप असतात आणि त्यांच्या वेटोळ्यांचे वळण परस्परविरुद्ध असते, त्यामुळे दोन्ही आवाज पूर्ण उघडे असताना एकाची गुणगुण दुसऱ्याच्या गुणगुणीला छेद देते. एकाचा आवाज उतरवला की तोल जातो आणि गुणगुण प्रकट होते. हा रचनेचा धर्म आहे, आणि त्यासाठी कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत. प्रिसिजनने १९५७ पासून पिकअपचेच दोन तुकडे करून, प्रत्येकाकडे दोन तारा सोपवून, हीच युक्ती एका जागी साधली. ज्यांना तरीही अधिक शांतता हवी, त्यांनी वाद्याच्या पोकळीला आतून तांब्याचा पातळ पत्रा चिकटवावा, पत्र्याच्या सांध्यांना डाख द्यावा आणि तो जमिनीच्या तारेशी जोडावा. स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमचा कागद त्या कामाचा नाही, त्यावर साधा डाख बसत नाही.

येथवर आल्यावर मला ज्याचा विशेष आग्रह आहे, त्या गोष्टीकडे वळतो. वाद्याचे विद्युन्मंडल जॅकपाशी संपते अशी सर्वत्र समजूत आहे. वस्तुतः जमिनीची ती तार केबलच्या जाळीतून अँप्लिफायरच्या पत्र्यापर्यंत, तेथून तीनपिनी प्लगाच्या सर्वांत जाड पिनेपर्यंत, आणि पुढे घराच्या भिंतीतून अर्थिंगच्या खड्ड्यातील पट्टीपर्यंत जाते. तुमची बोटे ज्या पोलादी तारांवर आहेत, त्या तारा थेट त्या खड्ड्याशी बांधलेल्या आहेत. तळेगावच्या गावभागातील जुन्या वाड्यांत, आणि मावळातील कितीतरी वाड्यावस्त्यांवर, सॉकेटला तीन भोके दिसली तरी तिसऱ्यामागे तार असेलच याची खात्री नसते. अशा ठिकाणी अँप्लिफायरचा पत्रा अधांतरी राहतो आणि तारांना हात लावताच चुणचुण जाणवते. त्या चुणचुणीला सवयीने दाद न देणे ही गंभीर जोखीम आहे. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे, खड्डा असेल तर चैत्र-वैशाखात त्यात पाणी ओतण्याचा परिपाठ ठेवावा, कारण आपल्या भागातील मुरूम उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होऊन विजेला वाट देईनासा होतो, आणि ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच घराच्या बोर्डावर बसवून घ्यावा.

गुणगुण जावी म्हणून प्लगाची जाड पिन काढून टाकण्याचा जो प्रघात काही ठिकाणी आहे, त्याला माझी तीव्र हरकत आहे. १९७२ साली वेल्समधील स्वान्सी येथे ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस्ली हार्वे रंगमंचावर अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लावून जागच्या जागी गेला. एका हातात गिटारची तार आणि दुसऱ्या हातात मायक्रोफोन, या दोहोंच्या दरम्यान केवळ मनुष्याचे शरीर असते.

गणेशोत्सवाच्या मांडवात ही जोखीम दुणावते. जमीन ओली, जनरेटर भाड्याचा, अँप्लिफायर एका बोर्डावर आणि मायक्रोफोनचा संच दुसऱ्या बोर्डावर. म्हणून वादनास बसण्यापूर्वी मीटर प्रत्यावर्ती व्होल्टवर लावून त्याचे एक टोक गिटारच्या तारेला आणि दुसरे मायक्रोफोनच्या जाळीला टेकवावे. आकडा शून्याच्या आसपास असेल तर निर्धास्त वाजवावे. दहा-वीस व्होल्ट किंवा त्याहून अधिक दिसले, तर मांडवाच्या चालकांना स्पष्ट सांगून दोन्ही संच एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर घेईपर्यंत वाद्य खोक्यातून काढू नये, मग कार्यक्रमास कितीही विलंब होवो. मीटर साधा असला तरी चालतो, आणि तो खुंट्या जुळवण्याच्या ट्यूनरइतकाच खोक्यात नेहमी असावा.

पुढील लेखांकात ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या अॅक्टिव्ह मंडलांचा विचार करू. तोवर ज्यांच्याकडे तशी वाद्ये आहेत, त्यांनी वादन संपताच केबल जॅकमधून काढून ठेवावी, कारण अशा वाद्यांत केबल आत असेपर्यंत बॅटरी झिजत राहते.