उन्हाचा मार आणि शरीराचा कारभार

मे 2013 मध्ये नागपूरचा पारा 47 अंशांच्या पुढे गेला होता. आपल्या शरीराला मात्र आतले तापमान बारा महिने 37 अंशांच्या आसपास राखावे लागते. भोवतालची हवाच अंगापेक्षा दहा अंशांनी गरम असेल, तर अंगातली उष्णता जाणार कुठे?

हा कारभार मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग पाहतो. रक्त तापू लागले की तिथून हुकूम सुटतात. कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावतात, हृदय जलद चालते, घामाच्या ग्रंथी पाझरू लागतात. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. हवा अंगापेक्षा तापली की हा एकच मार्ग उरतो. पण घाम नुसता गळून भागत नाही, तो वाळला पाहिजे. जूनमध्ये पारा उतरूनही दमट हवेत जीव घाबरा होतो तो यामुळेच. (खिशातला कांदा यातले काहीच करीत नाही. तो भाकरीसोबत खाल्लेला बरा.)

भर उन्हात राबणाऱ्याचा तासाला लिटरभर घाम सहज जातो. अंगातले पाणी घटले की हाच मेंदू तहान लावतो आणि एका संप्रेरकाकरवी मूत्रपिंडांना पाणी राखायला सांगतो. लघवी थोडी आणि गडद पिवळी होते ती म्हणून. म्हातारपणी तहानेची जाणीव मंदावते. तेव्हा घरच्या आजी-आजोबांनी मागण्याची वाट न पाहता त्यांच्या हाती पाणी द्यावे.

पण तहान लागूनही पाणी टाळणाऱ्या कितीतरी बाया आम्ही बांधकामांवर पाहतो. पाणी प्यायले तर जायचे कुठे, असे त्या खालच्या आवाजात विचारतात. आडोसा नाही, संडास नाही. मेंदू पाणी मागतो आणि कामाची जागा ते पिऊ देत नाही. मग घाम कमी पडतो, हृदयावर ताण येतो, अंग तापत जाते. पिण्याचे पाणी आणि संडास-मुताऱ्या पुरवण्याची जबाबदारी 1996 च्या बांधकाम मजूर कायद्यानेच मालकावर टाकली होती. नागपूर महापालिकेने 2016 पासून उष्माघाताविरुद्ध कृती आराखडा हाती घेतला, हे चांगलेच झाले. परंतु बाईमाणसाला पाणपोईइतकीच मुतारीही लागते, हे ठेकेदारांना कोण सांगणार? वस्तीतल्या मंडळांनी हा प्रश्न हाती घ्यावा असे आम्हांस वाटते.

उन्हात काम करणारा माणूस अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजावा. त्याला लगेच सावलीत आणावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये.